पोरानं काही गिळलंय? एक्स-रेच्या आधी, टेबलावर आणि नंतर

"पोऱ्यानी रुप्या गियी लिधा, भाऊ. दोन केये बी दिधात, पण उतरना नही."

म्हणजे पोरानं रुपया गिळला, दोन केळीही दिली, पण उतरला नाही. एक्स-रेच्या खोलीच्या दारात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचे प्रश्न आपोआप तोंडात येतात. रुपयाच होता हे कोणी पाहिलं? केळी कधी दिली? पोरगं थुंकी गिळतंय का? दहातल्या आठ जणांकडे पहिल्या प्रश्नाचं उत्तर नसतं. दुसऱ्याचं असतं, आणि तेच नको असतं. आपल्याकडे खानदेशात केळी घरचीच, त्यामुळे घशात अडकलेल्या प्रत्येक गोष्टीवर केळं हा उपाय रावेरपासून शहाद्यापर्यंत चालतो. मुलाला भूल देऊन दुर्बीण टाकायची वेळ आली की हेच केळं आडवं येतं.

हा लेख आईबापांसाठी आहे, आशाताईंसाठी आहे आणि तालुक्याच्या गावी एकट्यानं मशीन चालवणाऱ्या माझ्या भावंडांसाठीही आहे. टप्पे ज्या क्रमानं लिहिले आहेत त्याच क्रमानं करा. चुका बहुतेक वेळा क्रमातच होतात.

टप्पा ०: आधी श्वास, मग फोटो

मूल खोकू शकत नाही, रडण्याचा आवाज येत नाही, ओठ निळे पडताहेत, अशा वेळी एक्स-रेचा विचारही करू नका. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला हातावर पालथं धरा, डोकं छातीपेक्षा खाली ठेवा आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं ५ थापा मारा. नंतर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी ५ वेळा दाबा. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करा. एक वर्षाच्या वरच्या मुलाला मागून धरून बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली, आत आणि वरच्या दिशेनं झटके द्यावे लागतात. दुसऱ्या माणसाला तेवढ्यात १०८ ला फोन लावायला सांगा.

मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्या. त्याच्या खोकल्याइतका जोर तुमच्या थापेत नाही.

> थांबा: तोंडात न बघता बोट घालू नका. वस्तू समोर दिसत असेल तरच काढा. आंधळं बोट वस्तूला आणखी खाली ढकलतं.

टप्पा १: घरातली पहिली दहा मिनिटं

मूल श्वास घेतंय, थोडं घाबरलंय, पण ठीक दिसतंय. बहुतेक घरांत हाच प्रसंग असतो, आणि सगळ्या चुकाही इथंच होतात.

काय करायचं नाही ते आधी. केळं नाही, भाताचा गोळा नाही, भाकरीचा कोरडा तुकडा नाही, एरंडेल नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. उलटा टांगून पाठ बडवायची नाही. एकदा एका आजींनी नातवाला पाव डझन केळी चारून आणलं होतं. नाणं गळ्याच्या खालच्या टोकाला जसंच्या तसं होतं आणि पोट तुडुंब. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सहा तास थांबायला सांगितलं, कारण भरल्या पोटी भूल दिली आणि उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. ते सहा तास आजी बाकावर बसून होत्या. त्यांना कोणी काही बोललं नाही, बोलण्यासारखं राहिलंही नव्हतं.

त्यामुळे गिळल्याचं कळल्या क्षणापासून मुलाच्या तोंडात काही जाऊ देऊ नका. शेवटचं खाणंपिणं किती वाजता झालं ते मात्र लक्षात ठेवा.

आता करायचं काय? वस्तूचा जोडीदार शोधा. नाणं असेल तर तसंच दुसरं नाणं. खेळण्यातला सेल असेल तर ते खेळणं, सेलचं पाकीट, रिमोट, वजनकाटा, जे असेल ते. माळेचे मणी असतील तर तुटलेली माळ. हे सगळं एका पिशवीत भरून सोबत घ्या. एक्स-रेवर दिसणारी सावली आणि हातातला जोडीदार शेजारी ठेवला की अर्धं निदान तिथंच होतं.

एकच अपवाद: बटण सेल आणि मध

गिळलेली वस्तू गोल चपटा सेल असल्याची शंका असेल, मूल एक वर्षाच्या वरचं असेल, गिळून १२ तास झाले नसतील आणि ते थुंकी नीट गिळत असेल, तर दवाखान्याच्या वाटेवर दर १० मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाचा पातळ थर सेल आणि अन्ननलिकेच्या अस्तरामध्ये येतो आणि भाजणं थोडं लांबतं. पण मध आणायला दुकानात जाऊन वेळ घालवायचा नाही. घरात असेल तर घ्या आणि निघा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच नाही, या प्रसंगातही नाही.

हा अपवाद एवढ्यापुरताच आहे. "मध चालतो तर दूध का नाही" असं विचारू नका.

टप्पा २: चिठ्ठीवर पाच ओळी

एक्स-रे काढणाऱ्याला तुम्ही जे सांगाल त्यावर तो कुठला फोटो कसा काढायचा हे ठरवतो. "पोट दुखतंय" एवढंच लिहिलेली चिठ्ठी आली की पोटाचा फोटो निघतो आणि नाणं गळ्यात राहतं. म्हणून साध्या कागदावर लिहून न्या:

१. काय गिळलं असावं आणि ते कोणी पाहिलं, की फक्त शंका आहे.
२. किती वाजता. माहीत नसेल तर "सकाळी ९ ला खेळत होता, ९.३० ला रडायला लागला" असं.
३. त्यावेळी ठसका लागला होता का. थांबला असला तरी लिहा.
४. आत्ता लाळ गळते का, खायला नको म्हणतो का, उलटी, खोकला, छातीत घरघर.
५. शेवटचं खाल्लं कधी, आणि आधी कधी पोटाचं किंवा अन्ननलिकेचं ऑपरेशन झालंय का.

तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक नेमकी तीच विसरतात. तिचं कारण टप्पा ६ मध्ये येईल.

टप्पा ३: कुठं जायचं

नाणं असेल आणि मूल निवांत असेल तर जवळच्या एक्स-रे मशीनपाशी जा. पण बटण सेल, एकाहून जास्त लोहचुंबक, टोकदार वस्तू किंवा श्वासाचा त्रास असेल, तर फक्त मशीन असून भागत नाही. लहान मुलांची दुर्बीण करणारा डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ तिथं आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारा. धडगाव-मोलगीकडून घाट उतरून आल्यावर "इथं होत नाही, पुढं न्या" हे ऐकण्यात जो वेळ जातो तो बटण सेलच्या बाबतीत परवडत नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार इथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. नाशिक किंवा सुरतेला जायची वेळ आलीच तर तो निर्णय पहिल्या फोनवरच व्हायला हवा, तिसऱ्या दवाखान्यात पोहोचल्यावर नाही.

घाई कशाला, हे आकड्यात सांगतो. सीआर २०३२ हा सेल २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड असतो. नावातच माप आहे. तो लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला की दोन्ही बाजूंनी ओलं अस्तर चिकटतं, सर्किट पूर्ण होतं आणि ऋण बाजूला अल्कली, म्हणजे जाळणारा क्षार, तयार होऊन मांस जळू लागतं. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. त्यासाठी सेल फुटावा किंवा गळावा लागत नाही. रिमोट चालेनासा झाला म्हणून काढून टाकलेल्या सेलमध्येही एवढं करायला पुरेसा विजेचा दाब उरलेला असतो.

टप्पा ४: टेबलावर जाण्याआधी अंगावरचं काढा

या टप्प्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण इथं रोज वेळ जातो.

एक्स-रेला अंगातली वस्तू आणि अंगावरची वस्तू यांतला फरक कळत नाही. दोन्ही एकाच कागदावर पडतात. आपल्याकडच्या पोरांच्या अंगावर तर काय काय असतं: गळ्यात काळा दोरा, त्यात ताईत, ताईताला सेफ्टी पिन, कमरेला चांदीचा करदोटा, हातात मनगट्या, पायात वाळे, कानात बाळी, केसांत क्लिप. सातपुड्याकडच्या मुलांच्या अंगावर चांदी आणखी असते. दृष्ट लागू नये म्हणून घातलेलं काढायला आई-आजी तयार होत नाहीत. "हे दिसंल का फोटूत?" असं विचारतात. दिसतं. चांदी तर लख्ख दिसते.

एकदा एका लहानग्याच्या छातीवर उघडी पिन दिसली. पुढं पाठवायची चिठ्ठीही लिहून झाली. मग कोणीतरी बनियन वर केली, तर आतल्या बाजूनं टाचलेला ताईत निघाला. पिन तिथंच होती, फक्त अंगाच्या बाहेर. याच्या उलटही होतं: करदोट्याच्या जाड साखळीआड ओटीपोटातली छोटी वस्तू लपून राहते.

क्रम असा ठेवा:

- सगळे कपडे उतरवा. नुसते वर सारू नका. बटण, चेन, हुक, छापील चमकीचं चित्र, सगळं दिसतं.
- डायपर काढा. ओला डायपर ओटीपोटावर ढगासारखी सावली टाकतो.
- दागिने, दोरे, क्लिपा एका वाटीत काढून आईच्या हातात द्या. दोरा तोडायचा नसेल तर गाठ सोडा, पण अंगावर ठेवू नका.
- पोराच्या मुठी उघडून बघा. हसू नका. गिळलं म्हणून आणलेलं नाणं मुठीत सापडल्याचं मी पाहिलंय.
- केसांतलं तेल किंवा अंगावरची पावडर धुवायला आंघोळ घालत बसू नका.

धरायला बाप किंवा काका थांबवा, शिशाचं एप्रन घालून. बाईच थांबणार असेल तर ती गरोदर नाही ना, हे विचारल्याशिवाय आत घेऊ नका. धरणाऱ्याच्या बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र फोटोच्या चौकटीत येणार नाही हे बघा.

> तपासा: मुलाच्या ओटीपोटावर शिशाचा तुकडा ठेवण्याची जुनी पद्धत आहे. गिळलेली वस्तू शोधताना तो ठेवू नका. वस्तू त्याच्याच आड गेली तर दुसरा फोटो काढावा लागतो आणि किरणं दुप्पट होतात.

किरणांची भीती घालणाऱ्यांसाठी एक हिशेब: छातीच्या एका साध्या एक्स-रेतून सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. जमीन, हवा, आकाश यांतून माणसाला वर्षाला मिळणारी जगाची सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. म्हणजे एक फोटो म्हणजे जेमतेम तीन दिवसांचं नैसर्गिक देणं. तरीही फुकट फोटो काढायचा नाही. नीट तयारी करून एकदाच काढायचा.

टप्पा ५: कोणते फोटो, किती आणि कसे

नाकापासून गुदद्वारापर्यंत सगळा मार्ग फोटोत आला पाहिजे, आणि गळा-छातीचा फोटो समोरून व बाजूनं, असा दोन्हीकडून हवा. तान्ह्या बाळाचा सगळा मार्ग एका मोठ्या कॅसेटवर (फोटो पडतो त्या पाटीवर) मावतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाला दोन तुकडे करावे लागतात. तेव्हा दोन तुकड्यांची हद्द एकमेकांवर थोडी चढू द्या, मध्ये फट ठेवू नका.

नाक कशाला, असं विचारतात. कारण गिळलं असं वाटलेली वस्तू कधी नाकाच्या मागच्या भागात बसलेली असते. छातीपासून पोटापर्यंतचा स्वच्छ फोटो बघून घरी पाठवलेलं मूल दुसऱ्या दिवशी शिंकतं आणि घरचे चकित होतात.

बाजूच्या फोटोची एक खोड आहे. नाणी बहुतेक वेळा अन्ननलिकेच्या तोंडाशी, गळ्याच्या हाडाच्या पातळीवर अडकतात, आणि बाजूनं बघताना तिथंच खांदे आडवे येतात. म्हणून दोन्ही हात मागे आणि खाली ओढून धरा, हनुवटी किंचित वर. रडणाऱ्या पोराला चादरीत, बाळोत्यात गुंडाळतात तसं, घट्ट गुंडाळलं की काम सोपं होतं. हात मात्र त्याआधी मागे घ्या.

> थांबा: बेरियम (एक्स-रेत पांढरं दिसणारं औषध) पाजून फोटो काढायची घाई करू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि दुर्बिणीतून बघणाऱ्याला समोर पांढऱ्या लेपाशिवाय काही दिसत नाही.

> थांबा: धातूची शंका असलेल्या मुलाचा एमआरआय काढायचा नाही. लोखंड किंवा चुंबक असेल तर मशीन त्याला आतल्या आत ओढेल.

फोटो वाचताना

हा भाग डॉक्टरांचा. तरी आईबापांनी तो वाचावा, म्हणजे काय विचारायचं ते कळेल.

*नाणं की सेल?* समोरून दोन्ही पांढरी गोल चकती दिसतात. २०१९ च्या मालिकेतलं १ रुपयाचं नाणं २० मिलिमीटरचं आहे आणि सीआर २०३२ सेलही २० मिलिमीटरचाच. म्हणजे मापावरून फरक करता येत नाही. कडेकडे बघा. नाण्याची कड एकसंध असते. सेलच्या कडेलगत, थोडं आत, एक पुसट कडं दिसतं, जणू मोठ्या चकतीवर छोटी चकती ठेवलीय. बाजूच्या फोटोत नाणं सरळ रेघ दिसतं, तर सेलच्या एका बाजूला छोटी पायरी दिसते.

स्क्रीनवर फोटो मोठा करा आणि उजेड कमी-जास्त करून बघा. फार पांढरा ठेवला की कडं विरघळून जातं आणि सेल नाण्यासारखा दिसतो. पातळ सेलची पायरी दिसतच नाही, असंही होतं. दोन धातूंचं १० रुपयांचं नाणं उलट कड्याचा भास करून देऊ शकतं, पण त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे. शंका राहिली तर सेल समजून चाला. नाण्याला सेल समजलं तर एक धावपळ फुकट जाते, सेलला नाणं समजलं तर अन्ननलिका जाते.

सेलच्या पायरीची, म्हणजे अरुंद बाजू ऋण असते आणि जळणं तिथं जास्त. ती पुढे असेल तर श्वासनलिकेकडे, मागे असेल तर मणक्याकडे लक्ष ठेवावं लागतं. अहवालात हे लिहिलेलं नसेल तर लिहून मागा.

*अन्ननलिका की श्वासनलिका?* समोरच्या फोटोत पूर्ण गोल आणि बाजूच्या फोटोत रेघ, तर नाणं बहुधा अन्ननलिकेत. उलट दिसलं तर श्वासनलिकेचा विचार करा. याला अपवाद आहेत, म्हणून बाजूच्या फोटोत ते हवेच्या काळ्या नळीच्या आत आहे की मागे, हेच पक्कं प्रमाण.

*चुंबक.* छोटे गोल चुंबक एकमेकांना चिकटून एकच मोठी वस्तू दिसतात. आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांतून ते एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत चिरडून भोक पाडतात. एकच चुंबक दिसतोय असं म्हणण्याआधी बाजूचा फोटो बघा आणि दोन मण्यांमध्ये बारीक फट आहे का ते शोधा. फट म्हणजे मध्ये मांस.

*काच.* "काच एक्स-रेत दिसत नाही" हे चुकीचं आहे. काच दिसते, तुकडा फार बारीक नसेल तर. न दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या: प्लास्टिक, लाकूड, बहुतेक अन्न, ॲल्युमिनियमचा पातळ तुकडा, माशाचे बरेच काटे.

टप्पा ६: "फोटोत काही नाही" याचा अर्थ

इथं सगळ्यात जास्त मुलं चुकीच्या वाटेला लागतात.

भुईमुगाचा दाणा एक्स-रेत दिसत नाही. हरभरा, तूर, चिंचोका, सीताफळाची बी, यांतलं काहीही सरळ दिसत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घर भरलेलं असतं, मोठी माणसं अंगणात शेंगा फोडत बसतात, दीड-दोन वर्षांचं पोर मधून रांगतं. एकदा जोराचा ठसका लागतो, तोंड लाल होतं, पाठीवर हात फिरवला की थांबतो. सगळे विसरतात. नंतर काही दिवस काहीच नाही. दाणा श्वासनळीच्या एका फांदीत स्थिरावलेला असतो. मग खोकला, ताप, एका बाजूला घरघर. औषधानं बरं वाटतं, पुन्हा होतं. "निमोनिया" तिसऱ्यांदा झाला की कोणीतरी विचारतं: ठसका कधी लागला होता का?

शेंगदाण्याच्या तेलानं श्वासनळीचं अस्तर सुजतं आणि हरभऱ्यासारखा कोरडा दाणा ओलाव्यानं फुगतो. म्हणून उशीर जितका जास्त, तितकं काढणं अवघड.

वस्तू दिसत नसली तरी तिची खूण दिसू शकते. आत घेतलेली हवा दाण्यापलीकडे अडकते आणि ती बाजू श्वास सोडल्यावरही फुगलेली राहते. म्हणून छातीचा फोटो श्वास घेताना एक आणि सोडताना एक, असे दोन हवेत. दोन वर्षांचं मूल "श्वास सोड" ऐकणार नाही, तेव्हा त्याला आधी एका कुशीवर आणि मग दुसऱ्या कुशीवर झोपवून फोटो काढा. निरोगी फुप्फुस खाली आलं की दबून लहान होतं. दाणा अडकलेली बाजू खाली येऊनही फुगलेलीच राहते. तालुक्याच्या साध्या मशीनवरही हे जमतं. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

> तपासा: हे सगळे फोटो स्वच्छ आले, पण ठसक्याची हकीकत पक्की आहे. अशा वेळी डॉक्टर कमी मात्रेचा सीटी स्कॅन किंवा सरळ श्वासनळीची दुर्बीण सुचवतात. "फोटो तर नॉर्मल आहे" म्हणून नकार देऊ नका. ठसक्याची हकीकत स्वच्छ फोटोपेक्षा वजनदार आहे.

नाकाच्या एकाच पुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर तिथं काहीतरी आहे असंच धरा. सेलची शंका असेल तर लगेच फोटो, कारण नाकातला सेल काही तासांत मधला पडदा जाळतो. चिंचोका असेल तर फोटोपेक्षा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची टॉर्च कामाची.

पायात मोडलेला बाभळीचा काटा एक्स-रेत शोधत बसू नका. त्याला सोनोग्राफी.

टप्पा ७: फोटो पुढं पाठवताना

पुढच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणं आता रूढ झालंय आणि ते चांगलंच आहे. पण पाठवतात कसं? ट्यूबलाइटकडे फिल्म धरून, तिरका, अर्धा, वर बोटाची सावली. सेलचं कडं अशा फोटोत हमखास जातं.

फिल्म खिडकीच्या काचेवर किंवा एक्स-रे बघायच्या पेटीवर सपाट लावा. फ्लॅश बंद करा. आधी पूर्ण फिल्म घ्या: नाव, तारीख, वेळ आणि डाव्या-उजव्या बाजूचं अक्षर दिसलं पाहिजे. मग फक्त वस्तूचा जवळून फोटो. दोन्ही बाजूंच्या फिल्म पाठवा. डिजिटल मशीन असेल तर सीडी मागून घ्या, ती तुमची आहे. सोबत जोडीदार वस्तूचा, मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो पाठवा. मोजपट्टी का? एक्स-रेत वस्तू खऱ्या मापापेक्षा थोडी मोठी पडते आणि अंदाज चुकतो.

टप्पा ८: वस्तू हलते, म्हणून फोटो शिळा होतो

अन्ननलिकेतलं नाणं, मुलाला त्रास नसेल तर, काही तासांत आपोआप पोटात उतरू शकतं. म्हणून डॉक्टर कधी १२ ते २४ तास नजरेखाली ठेवतात आणि मग पुन्हा फोटो काढतात. दुर्बिणीच्या लगेच आधी पुन्हा एक फोटो लागतो, तोही टाळू नका. सकाळी गळ्यात असलेलं नाणं दुपारी पोटात असेल तर भूलच वाचते. लाळ गळत असेल किंवा श्वासाला त्रास असेल तर मात्र वाट बघायची नाही. सेलची आणि टोकदार वस्तूची तर अन्ननलिकेत मुळीच नाही.

पोटात पोहोचलेल्या बहुतेक वस्तू शौचावाटे निघून जातात. अडकण्याची शक्यता मोठ्या वस्तूंची: साधारण २.५ सेंटिमीटरपेक्षा रुंद किंवा ६ सेंटिमीटरपेक्षा लांब. घरी आल्यावर नेहमीचं जेवण द्या आणि शी बघत राहा. आता हवं तेवढं केळं खाऊ द्या. शी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन बाहेरून चाचपली की नाणं बोटाला लागतं. सापडलं तर धुऊन, जोडीदाराशी मिळवून बघा आणि डॉक्टरांना कळवा. दिलेल्या तारखेपर्यंत सापडलं नाही तर पुन्हा एक फोटो, फक्त पोटाचा. चार आठवडे झाले तरी नाणं पोटातच असेल तर ते दुर्बिणीनं काढायचा विचार होतो.

सेल निघाल्यावरही काम संपत नाही. जळालेली जागा पुढचे काही आठवडे आतून खोल जाऊ शकते. त्या दिवसांत रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, गिळताना खोकला किंवा आवाज बसणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना. उलटीत रक्ताचा थोडासा धागा दिसला तरी "बघू उद्या" नाही. जाताना जुनी फिल्म आणि सेल काढल्याची तारीख सोबत घ्या. रात्रपाळीच्या डॉक्टरला पहिल्यांदा तेच लागतं.